फेसवाली आक्का

गाडीत शिरायच्या आधी आक्का पायातल्या वहाणा काढायची. गाडी कुणाचीही असो, डॉक्टरांची असो की कोंबड्या वाहून वास मारणारी जीप असो, दार उघडून वहाणा बाजूला सारायची, पदर खोचायची आणि आत जाऊन सीटवर थोडा वेळ नुसती बसून राहायची. घाईतल्या मालकाला वाटायचं, बाई दमली असावी. एका साहेबांनी तर विचारलंच, "मावशी, साफ करायला आलात का बसायला?"

आक्का जागची हलली नाही. "तुम्ही रोज बसता साहेब, मला एकदा बसू द्या की. कुठं टोचतं, कुठं खचतं, ते बसल्याबिगर कसं कळंल?"

मी तेव्हा चाचांच्या दुकानात सीटची कव्हरं शिवायचे. मोंढा नाक्याच्या पुढं, जालना रोडच्या मागच्या गल्लीत पत्र्याचं दुकान होतं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि ते चारी बाजूंनी सुटत चाललं होतं. काल जिथं ज्वारीची धसकटं दिसायची तिथं आज प्लॉट पाडलेल्या चुन्याच्या रेघा. कारखान्यात लागलेली माणसं हौसेनं गाडी घ्यायची. पहिली गाडी बहुधा जुनीच असायची, आणि जुन्या गाडीबरोबर आधीच्या मालकाचा चहा, तेल, पानाची पिंक, लेकरांचे प्रताप असं सगळंच यायचं. चाचांचे वडील बग्ग्यांच्या गाद्या भरायचे. चाचा मोटारींच्या भरायला लागले. त्यांची रीत सरळ होती. जुनं कापड टराटरा फाडायचं, आतला काथ्या पिंजून परत भरायचा आणि वर नवं कापड चढवायचं. जुनं कापड वाचवता येतं, हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

आक्का आली ती काथ्या पिंजायला. पाचोडच्या बाजूला एका वस्तीवर तिचं घर. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारी माणसं. लागोपाठ पाऊस हुकला, चारा संपला, विहिरीचा तळ दिसला, तेव्हा मेंढरं विकून नवरा-बायको शहरात आले. नवऱ्याला एका नव्या कॉलनीच्या बांधकामावर राखणदाराचं काम मिळालं आणि तिथल्याच पत्र्याच्या खोलीत त्यांनी चूल मांडली. नवऱ्याचं नाव ती घ्यायची नाही, 'आमचे मालक' म्हणायची. तिचं स्वतःचं नाव सोनाबाई. पण पहिल्याच दिवशी चाचांनी तिला आक्का म्हटलं, चाचा तिच्यापेक्षा वयानं बरेच मोठे असूनही, आणि मग सगळ्या गल्लीची ती आक्काच झाली.

ती आल्यावर थोड्याच दिवसांत एक टॅक्सीवाला आला. त्याच्या मागच्या सीटवर दुधाची किटली सांडली होती. त्यानं बादल्या ओतून सीट धुतली होती, आणि जितकी धुतली तितका आंबूस वास चढत गेला होता. चाचांनी कात्री घेतली. कोपऱ्यात काथ्या पिंजत बसलेली आक्का म्हणाली, "चाचा, कापड चांगलं हाय. कामून फाडायलात? मला रिठे आणून द्या."

चाचा म्हणाले, "आक्का, ये गाडी है, बकरी नहीं."

"मग बरंच की. गाडी मेंढरापरीस सोपी. पळत तर नाय."

रिठे आले. तिनं ते भिजवले, कुस्करले, आणि ते पाणी पातेल्यात घेऊन ताकाच्या रवीनं घुसळायला लागली. पांढराशुभ्र फेस वर आला. पाणी तिनं खालीच ठेवलं, नुसता फेस ओंजळीत उचलून सीटवर थापला, मऊ ब्रशनं गोल गोल फिरवला आणि कोरड्या धडप्यानं दाबून टिपला. पुन्हा फेस, पुन्हा धडपं. मग चारी दारं उघडून गाडी सावलीत लावली, सीटवर खायचा सोडा भुरभुरला आणि दुसऱ्या दिवशी झटकून काढला. टॅक्सीवाल्यानं आत डोकं घातलं, हुंगलं, बाहेर काढलं, परत घातलं. चाचांनीही हुंगलं. आणि कात्री खिळ्याला अडकवली.

लोकर धुवायची ही रीत तिला आईनं शिकवलेली. "सीटला आंघूळ नसती घालायची," ती सांगायची. "आत काथ्या असतो, त्यो पाणी पिऊन बसतो अन्‌ मग महिनाभर घाण मारतो. बारक्या लेकराचं तोंड पुसतो का नाय, तसं पुसायचं. डोळ्यात जाऊ द्यायचं नाय, रडू द्यायचं नाय."

ते दिवसही तिच्या बाजूचे होते. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता. गल्लीत टँकर आला की हातातली कामं टाकून माणसं धावायची. गाड्या धुणारी दुकानं एकेक करून बंद पडली. अशा वेळी तांब्याभर पाण्यात अख्खी गाडी आतून लख्ख करणारी बाई आमच्या दुकानात आहे, ही बातमी रिक्षावाल्यांनी शहरभर नेली. लोक दुकानाचं नाव विचारत नसत, 'फेसवाली आक्का कुठं बसते' असं विचारत यायचे. मी राहायचे त्या वस्तीतले जीपवाले एप्रिलमधल्या जयंतीच्या आधी रांग लावायचे, आणि ईदच्या आधी चाचांचे नातेवाईक. आक्काचं सगळ्यांना एकच सांगणं. "सण गाठायचा आसंल तर आधी यायचं. घाईनं घासलं का कापड रुसतं."

तिचं चुकायचंही. एकदा लासूर स्टेशनच्या एका व्यापाऱ्याची गाडी आली, सीटला मरून रंगाची मखमल. मखमल तिनं आयुष्यात पहिल्यांदाच हाताळली. साफ छान झाली, पण वाळल्यावर तिची लव निम्मी इकडं आणि निम्मी तिकडं पडली, आणि सीट गाईसारखी बांडी दिसायला लागली. आक्का घाबरली. हातानं कुरवाळून बघितलं, तर जिकडं हात फिरेल तिकडं रंग बदलायचा. मग तिला गंमतच वाटायला लागली. ब्रश घेऊन तिनं सीटच्या पाठीवर वेल काढली, पानं काढली, मधोमध एक मोर काढला. व्यापारी आला आणि बघतच राहिला. बायकोला दाखवायला म्हणून मोठ्या खुशीत गाडी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी परत हजर.

"बाई, मोर गेला."

"कुणी टेकून बसलं आसंल," आक्का म्हणाली.

"आमच्या सासूबाई बसल्या."

"मग त्येला मी काय करू? मोराला उठवलं सासूबाईनं."

तरी तिनं त्याला मोर परत काढून दिला. पुढं कितीतरी दिवस तो माणूस मोंढ्यात माल घेऊन आला की मोर काढून घ्यायला यायचा. चाचा कपाळाला हात लावायचे. "हम कुशन का काम करते के रांगोली का?"

चाचा आणि आक्का यांचं सारखं वाजायचं, आणि दोघांनाही त्यावाचून करमायचं नाही. धाग्याचा रंग जुळवायला मी गुलमंडीत जायचे तेव्हा दोघंही वेगवेगळं सांगून पाठवायची. चाचा म्हणायचे नवा चकचकीत धागा आण, आक्का म्हणायची दोन पावसाळे खाल्लेला आण. दुकानदाराला हे कसं सांगायचं, हा प्रश्न माझा.

पण आक्का म्हटलं की मला सगळ्यात आधी आठवतो तो उत्तमचा दिवस.

उत्तम म्हणजे भाड्यानं गाडी चालवणारा पोरगेलासा ड्रायव्हर. जुनी पांढरी अँबेसिडर त्यानं स्वतः उभी केली होती, आणि लग्नसराईत नवरा-नवरी न्यायला तिला मागणी असायची. सीटचं फिकं निळं कापड मूळचंच होतं, आक्कानं जपलेलं. त्या दिवशी दुपारच्या आधीच तो गाडी भरधाव घेऊन गल्लीत शिरला. चेहरा पांढराफटक. मागचं दार उघडलं तर सीट रक्तानं भरलेली.

"अपघात?" मी विचारलं.

"नाय ताई. पाचोडकडून अडलेली बाई घेऊन निघालो दवाखान्यात. आडूळच्या पुढं आलो अन्‌ गाडीतच मोकळी झाली. आक्का, उद्या लग्नाचं भाडं हाय. बयाना घेतलाय. काय बी करा पण हे काढा."

आक्कानं सीटकडं पाहिलंच नाही. "बाळ-बाळंतीण कशी हाय?"

"उतरवलं ना मी त्यांला. सरकारी दवाखान्याच्या दारात. सासू होती संगं."

"ते नाय विचारलं. कशी हाय?"

उत्तमला माहीत नव्हतं. बाईला उतरवून तो थेट इकडंच आला होता.

"जा, इचारून ये," आक्का म्हणाली. "तवर मी हात नाय लावणार."

"आक्का, वाळंल ना ते."

"वाळू दे."

तो गेला. आक्का परत काथ्या पिंजायला बसली, पण तिचं लक्ष गल्लीच्या तोंडाकडं होतं. उत्तम परत आला तो आणखीच उतरलेला. मुलगी झाली होती, मुलगी ठीक होती. बाईचं रक्त थांबत नव्हतं. रक्ताची सोय करा म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं. नवरा ऊसतोडीला लांब गेलेला, आणि म्हातारी सासू दवाखान्याच्या पायरीवर बसून रडत होती.

आक्का उठली. हात झटकले. "चला."

"कुठं?" चाचांनी विचारलं.

"रगत द्यायला. किती जण हाव आपण? चार हाव की."

चाचांनी भरदुपारी दुकान बंद केल्याचं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी शटर ओढलं आणि उत्तमच्या शेजारी पुढं जाऊन बसले. मागं बसायला जागाच नव्हती, म्हणून आक्का आणि मी रिक्षानं गेलो. रस्ताभर माझा हात तिनं घट्ट धरून ठेवला होता.

दवाखान्यात आमची तपासणी झाली. उत्तमचं रक्त घेतलं, माझं घेतलं. चाचांना वय जास्त म्हणून परत पाठवलं. आणि आक्काला नर्स म्हणाली, "मावशी, तुमच्याच अंगात रक्त कमी आहे. तुम्ही नाही देऊ शकत."

आक्काला हा अपमान आयुष्यभर पचला नाही. "मला म्हणती रगत कमी," ती नंतर कुणालाही सांगायची. "दोन कोस डोक्यावर पाणी आणलं मी, तव्हा कुणी नाय म्हणलं."

रक्त देता येईना म्हटल्यावर ती जाऊन सासूशेजारी पायरीवर बसली. म्हातारीला पाणी पाजलं, चहा पाजला, तिच्या मांडीवरचं बाळ आपल्या मांडीवर घेतलं आणि पदराच्या टोकानं त्याच्या कानामागं राहिलेलं पुसत बसली. सीट पुसायची तशीच, टिपून टिपून. दुपार कलल्यावर डॉक्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, आता काळजी नाही. म्हातारी उठून आधी आक्काच्या पाया पडायला लागली, तर आक्का ओरडली, "माझ्या कामून? ह्या पोरीच्या पड, त्या गाडीवाल्याच्या पड. माझं तर घेतलं बी नाय त्यांनी." चाचा भिंतीकडं तोंड करून उभे होते. त्यांनी रुमालानं डोळे पुसले आणि धूळ फार आहे असं काहीतरी म्हणाले.

दुकानात परत आलो तेव्हा उन्हं उतरायला लागली होती आणि सीटवरचं रक्त वाळून कडक झालं होतं. आक्का वहाणा काढून आत गेली. गार पाण्यात मीठ कालवून तिनं ते डागांवर थापलं, जरा ओल धरू दिली, मग फेस, मग धडपं. मी धडपी पिळून देत होते, चाचा रिठे कुस्करत होते. दिवस मावळेपर्यंत बहुतेक सगळं निघालं. पण मधोमध तळहाताएवढी एक फिकट तपकिरी छटा काही केल्या हलेना.

आक्का मागं सरून बसली. "आता हे नाय निघायचं. आणखी घासलं तर कापड जाईल."

उत्तमनं तोंड बारीक केलं. "लग्नाच्या माणसांना काय सांगू?"

"खरं सांग. हितं एक लेक जन्मली म्हून सांग. दोघी जित्या हायत म्हून सांग."

"अन्‌ गाडी नको म्हणाले तर?"

"तर नवरी चालत जाईल. आपण काय करावं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तम आला, तो बुंदीचा पुडा घेऊनच. काय झालं ते त्यानं तीन वेळा सांगितलं. नवरीच्या बापाचा चेहरा आधी आंबट झाला होता. वर चादर टाका, म्हणाला. पण नवरीनंच विचारलं, "बाळ कसं आहे?" उत्तम म्हणाला, "मी बी आता छाती फुगवून सांगितलं, बाळ बी झ्याक, आई बी झ्याक." तशी नवरी चादर बाजूला सारून बरोबर त्या जागेवर जाऊन बसली, आणि म्हणाली, ह्याच गाडीतून जायचंय मला. तिच्या शालूला लागलेली हळद त्या डागावर लागली ती वेगळीच. उत्तमनं ते कापड पुढं कधी बदललं नाही. लोक लग्नासाठी त्याचीच गाडी मागायला लागले, आणि तो प्रत्येक नवरीला ती गोष्ट सांगायचा. पाचोडच्या बाजारात त्या लेकराची आजी आक्काला कधी भेटली तर नातीला पुढं करायची. त्यांच्या वस्तीवर सगळे त्या पोरीला मोटर म्हणूनच हाक मारायचे. आक्काला ते पटायचं नाही. "चांगलं नाव ठिवा गं तिला. उद्या साळंत मास्तर काय म्हणंल?"

मग पाऊस परत आला. पहिल्या वर्षी बेताचा, दुसऱ्या वर्षी चांगला. आक्काच्या मालकांनी गावाकडं थोडी मेंढरं घेतली आणि राखणदारी सोडली. एक दिवस ते दुकानात आले. उंच, सडसडीत, फार कमी बोलणारा माणूस. चाचांनी चहा दिला. तो पिऊन झाल्यावर ते आक्काला म्हणाले, "म्या चाललो. तुला हितं ऱ्हायचं आसंल तर ऱ्हा. तुझं हितं नाव झालंय." आणि कप ठेवून निघून गेले.

मला खात्री होती की आक्का राहील. गावात तिला कोण विचारत होतं? इथं तर तिच्या नावानं गाड्या यायच्या. मी म्हणाले, "आक्का, राहा की. मालकांनीच सांगितलंय."

तिनं हातातला ब्रश खाली ठेवला. "सुजाता, हितं माझ्या हाताला काम हाय. पण सकाळी उठते अन्‌ कान रिकामा लागतो बघ. एवढ्या गाड्या बोंबलायल्यात, तरी रिकामा. मेंढरं वरडल्याबिगर मला उजाडलंय असं वाटतच नाय." मग म्हणाली, "त्यांनी ये म्हणलं असतं ना, तर मी भांडले असते. ऱ्हा म्हणलं, म्हून जावं वाटतंय."

जायच्या आधी तिनं मला फेसाचं काम शिकवलं. डोळे मिटून कापडावर हात फिरवायला लावायची आणि विचारायची, "कुठं दमलंय सांग." मला आधी काहीच कळायचं नाही. मग हळूहळू कळायला लागलं. आजही माझं पोट त्यावरच चालतं. यंत्रं आली, डब्यातले तयार फेस आले, मी तेही वापरते, पण आधी हात फिरवते.

आक्का आता नाही. काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात, घरच्या माणसांत, ती गेली. मला मात्र तिच्या जाण्यापेक्षा तिचं शहरातून निघणं सांगावंसं वाटतं, कारण तसं निघणं मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही.

तिला एसटीवर सोडायला उत्तम येणार असं ठरलं होतं. सकाळी दुकानासमोर बघते तर गल्ली गाड्यांनी भरलेली. उत्तमची अँबेसिडर, दुधाचा टॅक्सीवाला, आमच्या वस्तीतले जीपवाले, चाचांचा पुतण्या, आणि मोरवाला व्यापारी थेट लासूरहून. आक्का गाठोडं घेऊन उभी, आणि जो तो म्हणतोय माझ्या गाडीत बसा. चाचा ती जाणार म्हटल्यापासून तिच्याशी बोलतच नव्हते. तेच आता मधे पडले. "झगडा नक्को. सब की गाडी में थोडा थोडा बैठेगी आक्का."

तसंच झालं. एसटी राहिली बाजूला, बीडच्या रस्त्यानं आमची वरात थेट तिच्या वस्तीकडं निघाली. दर काही मैलांवर सगळ्या गाड्या थांबायच्या, आक्का एकीतून उतरायची, दुसरीत बसायची. प्रत्येक सीटवर बसल्यावर तिचं काहीतरी सांगणं असायचंच. "ह्या कोपऱ्याला रफू करून घे." "तंबाखू खाऊन हितं हात पुसतोस, मला कळतंय." रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याला लागली होती. शेवटच्या टप्प्याला ती उत्तमच्या गाडीत आली. शेजारी चाचा होते.

"बोलायचं नाय का मग?" आक्कानं विचारलं.

चाचा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अब मैं किस से लडूं?"

"सुजाताशी. तिला बी शिकवलंय मी ते."

वस्तीवर पोहोचलो तर गोंधळच उडाला. एवढ्या गाड्या बघून लोकांना वाटलं, निवडणुकीचा उमेदवार आला. सरपंच हार घेऊन धावत आले. पहिल्या गाडीतून चाचा उतरले, पांढरा शर्ट, पांढरी दाढी. सरपंचांनी हार थेट त्यांच्याच गळ्यात घातला आणि आमच्या वस्तीला पक्का रस्ता पाहिजे असं सांगायला सुरुवात केली. चाचांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हो जायेगा."

आक्काचे मालक मेंढरांच्या वाड्यापाशी काठी टेकून उभे होते. आक्का उतरली, आमच्याकडं न बघता सरळ त्यांच्याकडं चालत गेली. मेंढरांचा गलका उठला. मालकांनी त्या सगळ्या गाड्यांकडं, हार घातलेल्या चाचांकडं, हात जोडून उभ्या असलेल्या सरपंचांकडं पाहिलं आणि खाली वाकून तिच्या कानात काहीतरी विचारलं. काय विचारलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. आक्का तोंडाला पदर लावून हसायला लागली, हसता हसता खाली बसली, आणि तो न बोलणारा माणूसही हसायला लागला.

निघायची वेळ झाली होती, आम्ही परत गाड्यांत बसलो होतो. उत्तमनं किल्ली लावून हात तसाच ठेवला. मागंही कुणी इंजिन सुरू केलं नाही. तिचं हसून होईस्तोवर आम्ही सगळे थांबलो.